हा उतारा गाळावा

एका फटक्यात लागतो तो शाप नव्हे, तो अपघात, असे शापबाई म्हणत. अपघात झाला की माणूस रडतो आणि मोकळा होतो. शाप लागला की तो आधी सुखावतो. म्हणून त्यांच्या प्रत्येक शापाची पहिली पायरी वरदानासारखी असे. लांडगा होऊ घातलेल्या शिकाऱ्याला कोसभरावरचा वास येई, जळू होऊ घातलेल्या वैदूला हात न लावता रोग्याची नाडी कळे, आणि टेबलाभोवती बसलेले बाकीचे खेळाडू त्यांचा हेवा करीत. तिसऱ्या पायरीला तेच खेळाडू आपापल्या खुर्च्या हळूच मागे सरकवीत. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला की शाप जमला, असे बाईंचे गणित होते.

चार-पाच माणसांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र अंगावर घ्यायचे, फासे टाकायचे आणि सूत्रधार नेईल तसे गोष्टीत शिरायचे, अशा भयखेळांची पुस्तके त्यांच्या घरातून तीस वर्षे निघत होती. किल्ले, तळघरे आणि राक्षस लिहिणारे पुष्कळ होते. माणसाचा राक्षस पायरीपायरीने कसा होतो, ते मात्र शापबाईंनीच लिहावे. हे नाव त्यांना वाचकांनी दिले होते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्या रागावल्या, दुसऱ्यांदा हसल्या आणि तिसऱ्यांदा त्यांनी ते आपल्या पत्रांच्या कागदावर छापून घेतले.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. पुढची मोठी खोली कामाची, मागच्या दोन राहण्याच्या. खिडकीखाली लेकीचे नकाशांचे उतरते टेबल होते, कपाटाला टेकून भाऊजींचे शाईने माखलेले टेबल होते आणि मधोमध चाचणीचे, हिरव्या बनातीचे. भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. ते चित्रे काढीत आणि चाचणीच्या वेळी सूत्रधार होत. लेक नकाशे काढी, पाने लावी आणि शेवटची तपासणी करी. बाईंची खुर्ची दाराकडे तोंड करून असे, कारण दाराकडे पाठ करून बसणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता.

शाप लिहिण्याचा त्यांचा एक शिरस्ता होता. कागदावर तीन रकाने आखायचे : काय मिळाले, काय गेले, कुणाला दिसले. तिसरा रकाना त्या सर्वांत जपून भरीत. शाप ज्याला लागतो त्याला तो सर्वांच्या शेवटी कळतो. आधी दिसतो तो शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला. आणि रकान्यांखाली, दुहेरी रेघ मारून, उतारा. शाप कशाने उतरेल ते सांगणारी ती जागा रिकामी ठेवणे म्हणजे तळघर बांधून जिना विसरणे, असे त्या बजावीत.

दुसरा शिरस्ता असा की, कोणतीही पायरी आठवडाभर स्वतः पाळल्याखेरीज लिहायची नाही. कोळिणीच्या शापाच्या वेळी त्या आठ दिवस कोपऱ्यात बसून जेवल्या. जळूच्या वेळी तर त्यांनी भेटायला आलेल्या नणंदबाईंचा हात तासभर सोडला नाही, आणि बिचाऱ्या नणंदबाई हे प्रेमच समजून डोळे पुशीत परत गेल्या. घरात तो विनोद अजून चालू होता.

या खेपेचा शाप दाराचा होता. किल्ल्याची एक राखणदारीण असते, आणि सहा पायऱ्यांत तिचेच दार होते. पहिली पायरी चाहूल : येणाऱ्याचे पाऊल ती जिन्याच्या तळापासून ओळखते. दुसरी मूठ : तिने धरलेले सुटत नाही, आणि दुसऱ्या कुणी बोटे उघडल्याखेरीज तिलाही सोडता येत नाही. तिसरी कुरकुर : बाहेर पाऊल टाकताना सांधे वाजतात, उंबऱ्यावर बसले की बरे वाटते. चौथी चौकट : खांदे रुंदावतात, कातडीवर लाकडाच्या रेषा उमटतात, माणसे तिच्या बाजूने आडवी होऊन जातात. पाचवी कडी : तिच्या जिभेला ‘जा’ हा शब्द येईनासा होतो. ‘ये’ येते, ‘बस’ येते, ‘थांब’ तर न बोलावता येते. सहाव्या पायरीला बाई उरत नाही. खेळाडूने पात्राचा कागद सूत्रधाराच्या हवाली करायचा, आणि जे आत असतील ते आतच राहतात.

भिंतीला कान असतात हे सगळ्यांना माहीत आहे. दाराला हात असतात हे शापबाईंनी लिहिले.

*

सोळा तारखेला सकाळी एक पत्र आले. पोस्टमन पहिल्या मजल्यावर होता तेव्हाच बाईंनी पेन खाली ठेवले होते. चाहुलीची पायरी त्यांनी तीन महिन्यांपूर्वी पाळली होती आणि आठवडा संपल्यावर रीतसर सोडलीही होती. पायरीने त्यांना सोडले नव्हते. पण कान तीक्ष्ण झाल्याची तक्रार कोण करील?

चाचणीच्या प्रती आठ टेबलांना गेल्या होत्या. त्यांपैकी एका टेबलाच्या सूत्रधाराने लिहिले होते :

“स. न. वि. वि. आमच्याकडची राखणदारीण तीन रविवार बंद आहे. ते पात्र खेळणाऱ्या बाई सहाव्या पायरीनंतर बोलेनाशा झाल्या. आधी आम्हांला अभिनय वाटला. आता त्या खेळ संपल्यावरही दाराजवळची खुर्ची सोडत नाहीत, आणि आमची उठण्याची हिंमत होत नाही. उतारा कोणत्या पानावर आहे, कृपया उलट टपाली कळवावे.”

बाईंनी पुस्तक उघडले. सहा पायऱ्या होत्या, दुहेरी रेघ होती. तिच्याखाली पांढरे.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. त्यांना आवाज चढवावा लागत नसे. खोलीच आपण होऊन गप्प होई. “उतारा कुठं गेला?”

“कुठला?” लेकीने नकाशावरून मान वर केली नाही.

“दाराचा. आठ टेबलं अडकून पडलीत. तळघर बांधलंस आणि जिना विसरलीस.”

“विसरले नाही. तूच काढायला सांगितलास.”

“मी? माझं काय डोकं फिरलंय?”

“ते मी कशाला म्हणू? तू लिहिलंस, एवढंच म्हणते.” लेक उठली आणि तिने फायलीतून हस्तलिखिताचे पान काढून बनातीवर ठेवले. पानाच्या वरच्या अर्ध्यात किल्ल्याचे लांबलचक वर्णन होते, खालच्या अर्ध्यात दुहेरी रेघ, आणि समासात, बरोबर दोहोंच्या मध्ये, तांबड्या पेन्सिलीने बाईंचे टपोरे अक्षर : हा उतारा गाळावा.

“अगं, उतारा म्हणजे वरचा मजकूर! हे किल्ल्याचं पुराण. ते गाळ म्हटलंय. साधं मराठी कळत नाही तुला?”

“मग बाण कुठंय?”

बाण नव्हता.

“आणि आई, वर्णनाला तू उतारा कधीपासून म्हणायला लागलीस? ‘हा पसारा आवर’ असं लिहितेस तू. तीस वर्षांच्या फायली आहेत कपाटात, काढू? या घरात उतारा म्हणजे एकच.”

भाऊजी खाकरले. “वहिनी, मला विचाराल तर…”

“विचारलं नाही.” बाईंनी पान उलटे केले. उतारा पुढच्या पानावर गेलेला असणार. “पुढचं पान?”

“रद्दीत गेलं. गाळलेलं घरात ठेवायचं नाही, ते मागच्या दारानं परत शिरतं. नियम कुणाचा?”

नियम बाईंचाच होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

“मी परत लिहीन,” त्या म्हणाल्या. “शब्दन् शब्द आठवतोय मला.”

लेक आपल्या टेबलाकडे वळली, तशी थबकली. “त्या संस्थेचं पत्र नाही ना आलं आज? दोन महिने झाले. मी विचारून बघू का त्यांना?”

“आपण होऊन विचारणं बरं दिसत नाही. गरज असली तर लिहितील.”

“हं,” लेक म्हणाली.

पत्र आले होते. त्याला अकरा दिवस झाले होते. समुद्रापलीकडच्या एका संस्थेत खऱ्या जमिनीचे नकाशे काढण्याचे काम होते, आणि लेकीने अर्ज करताना आईला सांगितले होते. ‘जन्मभर नसलेल्या गावांचे नकाशे काढले, एकदा असलेल्या गावाचा काढू दे,’ असे ती म्हणाली होती, आणि बाई ‘बघू’ म्हणाल्या होत्या. लेकीचे पाकीट फोडण्याइतक्या त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्याची गरजही नव्हती, कारण पाकिटावरच छापले होते : तातडीचे, उत्तर वीस तारखेपर्यंत. उद्या देऊ, असे म्हणून त्यांनी ते आपल्या खणात, फाशांच्या पेटीखाली ठेवले होते. त्यानंतर अकरा उद्या येऊन गेले होते.

*

त्या दुपारी बाई उतारा लिहायला बसल्या. मजकूर साधा होता, आणि त्यांना खरोखरच पाठ होता.

त्यांच्या भाषेत, त्यांच्याच काय, आपल्या सगळ्यांच्याच भाषेत, घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो. निघालेले पाऊल परत यावे म्हणून जिभेने बांधलेली ती दोरी आहे. लेकीचे वडील बावीस वर्षांपूर्वी घाईघाईत ‘जातो गं’ म्हणून निघाले होते, आणि त्यांचे सामान तेवढे परत आले. तेव्हापासून या घरात त्या शब्दाला बंदी होती. आणि म्हणूनच, दाराचा उतारा त्यांनी त्या शब्दावर बांधला होता : आत अडकलेल्यांपैकी एकाने दाराकडे तोंड करून ‘जाते’ म्हणावे, ‘येते’ म्हणू नये. दाराने एकदाच ‘जा’ म्हणावे. त्यामागे दुसरा एकही शब्द जोडला, तर उतारा वाया गेला.

बाईंनी लिहिले : ‘दाराने म्हणावे : ये.’ खोडले. पुन्हा लिहिले : ‘दाराने म्हणावे : थांब.’ तेही खोडले. मग एकेक अक्षर जुळवायचे ठरवून त्यांनी ‘ज’ काढला. काना द्यायला पेन उचलले, आणि ते हवेतच राहिले. बोटे पेनाभोवती आवळली गेली होती. डाव्या हाताने एकेक बोट सोडवून त्यांना पेन काढून घ्यावे लागले.

वय झाले, दुसरे काय, असे म्हणून त्या हात धुवायला उठल्या. नळाखाली धरलेल्या मनगटावर त्यांना रेषा दिसल्या. सुरकुत्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. सुरकुत्या आडव्या पडतात. या उभ्या होत्या, मनगटापासून कोपरापर्यंत सरळ गेलेल्या, आणि कोपराजवळ एका ठिकाणी त्या गाठीभोवती वळाव्या तशा वळल्या होत्या. बाईंनी टॉवेलने हात खसाखसा पुसला. टॉवेलचा एक धागा कातडीत अडकून निघाला, फळीच्या कुसळात अडकावा तसा.

“आई, जरा सरकतेस?”

लेक मागे उभी होती, हातात दोन कप घेऊन. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नळाजवळून त्या तिथे केव्हा आल्या, हे त्यांना सांगता आले नसते.

“मी कुठं तुझी वाट अडवलीय?”

“गेले पंधरा दिवस अडवतेयस,” लेक म्हणाली. ती आडवी होऊन, पोट आत घेऊन, त्यांच्या बाजूने निघून गेली, आणि या गोष्टीची तिला सवय झालेली दिसली. “चौथी पायरी कधीच लिहून झालीय ना? मग सोड की आता.”

बाई सरकायला गेल्या. गुडघ्यातून आवाज आला तो हाडाचा नव्हता. तेल न घातलेल्या बिजागरीचा होता. पलीकडच्या खोलीत भाऊजींनी काम थांबवून मान वर केलेली त्यांना चाहुलीनेच कळली.

*

दोन दिवसांनी भाऊजींनी सहाव्या पायरीचे चित्र आणून समोर ठेवले. किल्ल्याचे दार होते, लाकडी, उंच, दोन माणसांइतके. बाई कुठे नव्हती.

“छान आहे,” शापबाई म्हणाल्या. “पण हे नुसतं दार झालं, भाऊजी. ती कधीकाळी माणूस होती, हे कुठंतरी दिसायला हवं.”

“दिसतंय. नीट बघा.”

त्यांनी चष्मा लावला. दाराची पितळी मूठ ही खरोखरच मूठ होती, म्हाताऱ्या बाईची, घट्ट मिटलेली, टपोऱ्या सांध्यांची. आणि बोटांच्या फटीतून पाकिटाचा एक कोपरा बाहेर डोकावत होता.

लेक खाली छापखान्यात गेलेली होती.

“हे मी लिहिलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“लिहिलं नव्हतं. दिसलं.”

“केव्हा?”

“पोस्टमन खाली आधी मलाच भेटला होता, वहिनी. मी म्हटलं, वर द्या, ती वाटच बघतेय. संध्याकाळी मी तिला अभिनंदन म्हणणार, तोच तिनं विचारलं, ‘काका, अजून कसं नाही आलं?’”

“आणि तेरा दिवस मूग गिळून बसलात?”

“नियम तुमचाच. दुसऱ्याला आधी दिसतं. पण कळायचं ते ज्याचं त्यालाच कळू द्यावं.” भाऊजी ब्रश पुसत राहिले. तीस वर्षांत त्यांनी वहिनींना उलट उत्तर दिले नव्हते. “पण आता पाचवी झाली, वहिनी. सहावीनंतर कागद सूत्रधाराकडे येतो. सूत्रधार मी आहे. मला तुमचा कागद घ्यायचा नाही.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतात. बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. तो मिटलेला होता, आणि त्यात काहीही नव्हते.

“उद्या चाचणी ठेवा,” त्या म्हणाल्या. “दाराची. राखणदारीण मी खेळेन.”

“तुम्ही? तुम्ही आपला शाप कधी खेळत नाही.”

“विचारलं नाही,” बाई म्हणाल्या, पण या वेळी त्या शब्दांत धार नव्हती.

*

एकोणीस तारखेला दुपारी तिघे बनातीभोवती बसले. दाराकडे पाठ करून बसायची वेळ बाईंवर आली, कारण भाऊजींनी सांगितले की राखणदारीण दाराशी बसते. लेक समोर होती. तिने मीठवालीचे पात्र घेतले होते. ही मीठवाली माल विकायला किल्ल्यात आली आणि दार लागल्यामुळे आत राहिली. बाईंचा उजवा हात टेबलाखाली होता.

“सातवा दिवस,” भाऊजींनी सूत्रधाराच्या आवाजात सुरुवात केली. “किल्ल्यातलं धान्य संपत आलंय. मीठवाली दारापुढं येते. दार बंद आहे. त्याच्या लाकडातून कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं.”

“राखणदारीण बाई,” लेक म्हणाली, “माझी पोरं घरी वाट बघताहेत. दार उघडा. मी येते.”

भाऊजींनी फासे टाकले. “दार हलत नाही.”

“मी निघते, बाई.”

“हलत नाही.”

“पाया पडते, मला जाऊ द्या.”

“विनवण्यांनी या दाराला आणखी एक कडी लागते,” भाऊजी म्हणाले.

लेक मागे टेकली. “हे काय आहे? उतारा माहीत नसताना खेळायचं कसं? तू लिहिलास का तो, आई? तीन दिवस तर नुसती खोडतेयस.”

“मीठवालीनं वेगळं काही बोलून बघावं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला, फळीपलीकडून यावा तसा.

“वेगळं म्हणजे?”

“जे तिनं कधीच म्हटलेलं नाही ते.”

लेकीने त्यांच्याकडे पाहिले. नकाशे काढणारी ती, दोन ठिकाणांमधला एकुलता एक रस्ता तिच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. तिच्या चेहऱ्यावरून मीठवाली हळूहळू उतरली. भाऊजींच्या हातातले फासे वाजायचे थांबले.

“आई, खरंच म्हणू?”

बाईंनी मान हलवली. मानेतून कुरकुर आली, ती तिघांनीही ऐकली.

“जाते,” लेक म्हणाली.

बावीस वर्षांनी तो शब्द त्या घरात उच्चारला गेला. काही पडले नाही, काही फुटले नाही. फक्त बाईंच्या पाठीमागे, बंद दाराच्या लाकडात, काहीतरी ताणले गेल्यासारखे करकरले. त्यांच्या जिभेवर शब्दांची झुंबड उडाली. ये. बस. थांब. जेवून घे. उद्या बघू. एवढी घाई कसली? माझं वय बघ. त्यांनी दात दातांवर दाबले आणि टेबलाखालचा हात वर काढून बनातीवर ठेवला. मूठ आवळलेली होती, सांधे पांढरे पडले होते.

“उघड,” त्या कशाबशा म्हणाल्या. “माझ्यानं नाही व्हायचं. दुसरी पायरी आठव.”

लेक पुढे वाकली. तिने करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचे बोट, मग मधले. लाकूड उपटावे तसा जोर तिला लावावा लागला. अंगठा शेवटी सुटला, आणि तळव्यावर, घड्या घालून बोटभर केलेले, घामाने ओलावलेले पाकीट पडलेले दिसले.

लेकीने ते उलगडले. पाकीट फोडलेले नाही हे तिने पाहिले. तारीख वाचली. आपले नाव वाचले. ती बराच वेळ ते वाचत राहिली, जणू ते पुष्कळ लांब होते.

“किती दिवस?”

“चौदा.”

“मी तुला रोज विचारत होते, आई. रोज. आणि तू ‘बरं दिसत नाही’ म्हणायचीस.”

“हो.”

“तो उतारा. तू मुद्दामच गाळलास ना?”

“मला माहीत नाही,” शापबाई म्हणाल्या, आणि ते अगदी खरे होते. आपण केलेली गोष्ट आपल्याला माहीत नसणे, एवढी भीती त्यांनी आजवरच्या कोणत्याही शापात लिहिली नव्हती.

लेक उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि जबडा आईसारखाच आवळला होता. “मी चिडलेय. खूप. आज मी तुझ्याशी बोलणार नाहीये. पण त्याआधी उताऱ्याचं दुसरं अर्ध सांग. मी माझं म्हटलंय.”

बाईंनी तोंड उघडले. ‘ज’ आला. काना येईना. तो शब्द त्यांना छातीच्या तळापासून, जुना खिळा पिळून काढावा तसा, काढावा लागला.

“जा.”

आणि लगेच, दातांच्या मागे, ‘जपून’ येऊन उभा राहिला. ‘पोचलीस की कळव’ त्याच्या मागे, ‘गरम कपडे’ त्याच्याही मागे. बाईंनी ओठ मिटून घेतले, इतके घट्ट की जिभेला रक्ताची चव आली. एकही शब्द बाहेर गेला नाही. भाऊजींनी फासे न टाकताच पुस्तक मिटले.

*

उतारा त्याच संध्याकाळी लिहून झाला आणि वेगळ्या कागदावर छापून आठही टेबलांना गेला. तक्रार करणाऱ्या त्या सूत्रधाराचे आभाराचे पत्र आठवड्याने आले. दार उघडले होते. त्या बाई खुर्चीवरून उठल्या होत्या, आणि त्यांनी बाहेरगावी राहणाऱ्या मुलाला त्या रात्री, कित्येक वर्षांत प्रथमच, ‘जेवलास का’ म्हणून फोन केला नव्हता. मुलगाच घाबरून त्यांना फोन करीत होता.

लेकीचे उत्तर वीस तारखेला सकाळी तारेने गेले. आईशी ती तीन दिवस बोलली नाही, चौथ्या दिवशी चिडून बोलली, आणि पाचव्या दिवशी तिने कपाटातले जाड कपडे कुठे ठेवलेत असे विचारले.

निघायचा दिवस तीन आठवड्यांनी उजाडला. भाऊजी मोठी पेटी घेऊन आधीच खाली गेले. ते तिला बंदरापर्यंत पोचवणार होते. लेक दारात उभी राहिली. ‘येते’ तिच्या ओठांपर्यंत आले होते, ते बाईंनी पाहिले, आणि तिने ते गिळलेलेही पाहिले.

“जाते, आई.”

“जा.”

या वेळी तो जरा सोपा गेला. लेकीने क्षणभर वाट पाहिली, पुढचा शब्द येतो का म्हणून. तो आला नाही, तेव्हा ती हसली, आणि वळली.

बाई कान देऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या ऐकू आल्या. दुसऱ्या मजल्याचा कठडा वाजलेला ऐकू आला. एरवी त्यांना ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत असे. कोपऱ्यावर ती नेहमी पिशवीचा खांदा बदलायची, तेही. आज दुसऱ्या मजल्याखाली काही नव्हते. त्यांना वाटले आपण बहिऱ्या झालो, आणि त्यांनी बोटाने चौकटीवर टकटक केली. टकटक स्वच्छ ऐकू आली. मग त्यांना समजले. शाप उतरतो तेव्हा पहिल्या रकान्यात जे मिळाले होते तेही घेऊन जातो. हे त्यांनीच, पहिल्याच पुस्तकात, पहिल्याच पानावर लिहिलेले होते.

मनगटावरच्या उभ्या रेषा राहिल्या होत्या. त्या जायला वेळ लागणार होता. कदाचित जाणारही नव्हत्या.

त्यांनी दार लावले, कामाच्या खोलीत आल्या आणि लेकीच्या उतरत्या टेबलाकडे न पाहता आपल्या खुर्चीत बसल्या. नवा कागद पुढे ओढला. तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करीत त्या किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

बाई दचकल्या. जिन्यात पाऊल वाजले नव्हते. कुणी वर चढले नव्हते, किंवा चढले होते आणि त्यांना कळले नव्हते. भाऊजी इतक्यात परत येणे शक्य नव्हते. पोस्टमनची वेळ नव्हती. चार महिन्यांत पहिल्यांदाच दारापलीकडे असा कुणीतरी होता ज्याला त्या ओळखत नव्हत्या.

घंटा पुन्हा वाजली.

त्या उठल्या, दारापाशी गेल्या, आणि त्यांचा हात कडीवर पडला. तो तिथे सवयीने, फार सहज बसला. त्यांनी तो क्षणभर तसाच राहू दिला.

“कोण आहे?” शापबाईंनी विचारले, आणि उत्तर यायच्या आत कडी काढली.